लिनक्सवर यूएसबी वायफाय डोंगल: आधी चिप ओळखा, मग ड्रायव्हर शोधा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू चढलं. मशीन हलकं झालं, ब्राउझर पळायला लागला, पण आतलं वायफाय कार्ड आधीच गचके खात होतं, ते काही सुधारलं नाही. काहींचा प्रश्न त्याहून साधा: राउटर हॉलमध्ये, डेस्कटॉप आतल्या खोलीत आणि त्याला वायफायच नाही. दोन्हींचं उत्तर एकच, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन चार-पाचशे रुपयांचा यूएसबी डोंगल आणायचा. तो आणतात, खोचतात, आणि काहीच होत नाही. मग माणूस इंटरनेटवर दिसेल ती कमांड मारत सुटतो, आणि तासाभरात मूळ अडचण कुठली नि आपण वाढवलेली कुठली हेच कळेनासं होतं.

'डोंगल चालत नाही' या एका वाक्यात पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. डोंगल यूएसबीवर दिसतोय का? त्याला ड्रायव्हर लागलाय का? फर्मवेअर, म्हणजे डोंगलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, चढलंय का? रेडिओ कुणी बंद करून ठेवलाय का? आणि हे सगळं ठीक असेल तर नेटवर्क का जोडलं जात नाही? याच क्रमाने जायचं. ज्या पायरीवर 'नाही' येईल तिथेच थांबायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

घ्यायच्या आधी

डोंगल अजून घेतला नसेल तर निम्मं काम दुकानातच होतं. खोक्यावरचं कंपनीचं नाव बाजूला ठेवा, आतली चिप महत्त्वाची. लिनक्सचा ड्रायव्हर चिपसाठी लिहिलेला असतो, ब्रँडसाठी नाही. याचं ठळक उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि लिनक्सवर ती मुकाट्याने चालायची. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. बाहेरून डोंगल तोच, मॉडेलचं नावही तेच, फक्त मागच्या लेबलवर बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा बदललेला. जुन्या व्हिडिओत बघून हा डोंगल मागवलेल्या अनेकांची पंचाईत इथेच झाली.

माझा कल मीडियाटेककडे आहे. एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू या दोन चिपचे ड्रायव्हर ४.१९ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्येच आहेत, त्यामुळे वेगळं काही टाकावं लागत नाही. वायफाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयू, तिचा ड्रायव्हर ५.१८ पासून आहे. रिअलटेकचं चित्र मिश्र आहे. आरटीएल८८११सीयू, ८८२१सीयू, ८८२२बीयू या चिपना ६.२ पासून कर्नलमध्येच जागा मिळाली. आरटीएल८८१२एयू आणि ८८२१एयू यांचे ड्रायव्हर ६.१३ पासून कर्नलमध्ये आहेत. त्याआधीच्या कर्नलवर याच चिप म्हणजे बाहेरून ड्रायव्हर आणून बसवणं आलं.

दुकानात चिपचं नाव विचारलंत तर बहुधा 'विंडोजवर चालतो ना साहेब' एवढंच उत्तर मिळेल, आणि त्यात त्या माणसाची चूक नाही. त्याच्याकडे विचारायला येणारे शंभरातले नव्व्याण्णव विंडोजवालेच. खोक्यावर 'लिनक्स सपोर्ट' छापलं असेल तरी हुरळून जाऊ नका. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की कधीकाळच्या कर्नलसाठी लिहिलेला सोर्स कंपनीच्या साइटवर पडलेला आहे. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे लॅपटॉप सोबत नेणं. लॅपटॉपवर लिनक्स नसेल तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह न्या, त्यावरून मशीन सुरू करा, डोंगल लावा, आजूबाजूच्या नेटवर्कची यादी आली तर पैसे द्या. बुधवार पेठेत उभं राहिलं की यादी काही छोटी नसते. एवढं जमणार नसेल तर निदान 'नाही चालला तर परत आणीन' हे आधी बोलून, बिलावर लिहून घ्या.

खोक्यावरचे एसी६००, एसी१२०० हे आकडेही समजून घ्यावेत. ती दोन बँडच्या, म्हणजे रेडिओच्या पट्ट्यांच्या, कागदोपत्री वेगांची बेरीज असते: एसी६०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झवर १५० आणि ५ गिगाहर्ट्‌झवर ४३३ मेगाबिट, वर थोडं गोल करून. एन१५० लिहिलेला डोंगल फक्त २.४ वर चालतो. घरच्या राउटरवर दोन नावं असतील आणि शेवटी '५जी' असलेलं नाव यादीत येतच नसेल, तर ड्रायव्हर शोधण्याआधी खोकं वाचा. त्या डोंगलला ते नेटवर्क कधीच दिसणार नाही.

आणि 'कालीला (हॅकिंगच्या चाचण्यांसाठीच्या काली लिनक्सला) चालणारा डोंगल' अशा नावाने जे महागडे, लांब अँटेनावाले नग विकले जातात, त्यांची मॉनिटर मोडवाली, म्हणजे आजूबाजूची सगळी वायफाय वाहतूक ऐकायची, करामत बँकेचं काम आणि मुलांचा ऑनलाइन क्लास यांना लागत नाही. इंजिनीअरिंगची पोरं व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवतात त्यांना तर बहुतेक वेळा डोंगलच लागत नाही. आतल्या लिनक्सला बाहेरचं वायफाय तारेचं नेटवर्क म्हणूनच दिसतं. त्यात वायफायचं चिन्ह शोधत बसू नये.

कमांड कशा वाचायच्या, आणि तात्पुरतं इंटरनेट

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीतच, वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरून टाइप करायच्या. 'एलएसयूएसबी' म्हणजे एल, एस, यू, एस, बी ही अक्षरं सलग. शब्दांमध्ये जिथे जागा सोडली आहे तिथे जागा सोडायची, आडवी रेघ दिसली तर तीही टाइप करायची. 'सुडो'ने सुरू होणारी कमांड पासवर्ड विचारते. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, घाबरू नका, टाइप करून एंटर दाबा.

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर लागतो, हा तिढा अँड्रॉइड फोनने सुटतो. फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. हॉटस्पॉट नव्हे, त्याला परत वायफायच लागेल. लिनक्सला हा फोन तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो आणि काही सेकंदांत जोडला जातो. बऱ्याच फोनवर घरचं वायफाय चालू ठेवूनही टेदरिंग करता येतं, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन दिसणारच नाही.

पहिली पायरी: डोंगल दिसतोय का

डोंगल लावायच्या आधी ही कमांड चालवा:

`एलएसयूएसबी`

ओळी नीट बघून ठेवा. मग डोंगल लावा आणि तीच कमांड पुन्हा चालवा. जी ओळ नव्याने आली ती तुमची. ती साधारण अशी वाचता येते: 'बस ००१ डिव्हाइस ००७: आयडी ०बीडीए:८१७९', आणि पुढे कंपनीचं नाव. नावावर विसंबू नका, आयडी कागदावर लिहून ठेवा. कोलनच्या आधीची चार अक्षरं कंपनीची: ०बीडीए म्हणजे रिअलटेक, १४८एफ म्हणजे रॅलिंक, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, ०सीएफ३ म्हणजे अॅथेरॉस, २३५७ म्हणजे टीपी-लिंक. कोलननंतरची चार अक्षरं तो नग सांगतात. वरच्या उदाहरणातला ०बीडीए:८१७९ म्हणजे आरटीएल८१८८ईयूएस, स्वस्त डोंगलमध्ये हमखास आढळणारी चिप. १४८एफ:७६०१ म्हणजे एमटी७६०१यू, ०ई८डी:७६१२ म्हणजे एमटी७६१२यू, ०सीएफ३:९२७१ म्हणजे ती जुनी अॅथेरॉसची. यापुढे इंटरनेटवर काहीही शोधायचं तर मॉडेलच्या नावाने शोधू नका. हा आयडी टाका आणि सोबत लिनक्स हा शब्द.

नवी ओळ आलीच नाही तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. दुसरा पोर्ट बघा, यूएसबी हब मधे असेल तर काढा, डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा वापरा. तरीही शंका असेल तर:

`सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू`

ही कमांड चालू ठेवून डोंगल काढा-लावा. कर्नल काय म्हणतो ते समोर सरकत जातं. डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचता येत नाही आणि पुढे 'एरर -७१' अशा ओळी वारंवार येत असतील, तर डोंगल आणि पोर्ट यांच्यात धड बोलणंच होत नाहीये. सैल पोर्ट, खराब एक्स्टेन्शन, नाहीतर मेलेला डोंगल. दुसऱ्या मशीनवर लावून बघा, तिथेही तसंच असेल तर दुकान गाठा. बाहेर पडायला कंट्रोल आणि सी.

डोंगल स्वतःला सीडी समजत असेल तर

हा प्रकार रिअलटेकच्या चिप असलेल्या छोट्या डोंगलमध्ये बराच दिसतो आणि माहीत नसेल तर डोकं फिरवतो. डोंगल लावला की फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी ड्राइव्ह उगवते, आत विंडोजचा सेटअप. एलएसयूएसबीमध्ये आयडी दिसतो ०बीडीए:१ए२बी. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर वेगळा शोधावा लागू नये म्हणून कंपनीने डोंगलच्या पोटातच तो घातलेला असतो. पहिल्यांदा डोंगल सीडी म्हणून उभा राहतो, ड्रायव्हर बसला की वायफाय होतो. लिनक्सवर त्याला ही कूस बदलायला सांगावं लागतं.

आधी सोपा उपाय करून बघा. फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट म्हणा आणि पुन्हा एलएसयूएसबी चालवा. आयडी बदलून ०बीडीए:सी८११ किंवा तसा काही झाला, तर डोंगल आता वायफाय आहे. दर वेळी हे करायचं नसेल तर:

`सुडो अॅप्ट इन्स्टॉल यूएसबी-मोडस्विच`

हे पॅकेज टाकून डोंगल काढून परत लावा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर हाताने:

`सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी`

इथे 'के' मोठ्या लिपीतला, बाकी सगळं लहान. यूएसबी आणि मोडस्विचच्या मधे खालची रेघ आहे, पॅकेजच्या नावात मात्र मधली. लिनक्सवाल्यांच्या अशा लहरी असतात, चालवून घ्यायच्या.

ड्रायव्हर लागलाय का

`एलएसयूएसबी -टी`

आता तीच यादी झाडासारखी दिसते आणि प्रत्येक यंत्रापुढे 'ड्रायव्हर' लिहिलेला असतो. तुमच्या डोंगलपुढे आरटीडब्ल्यू ने सुरू होणारं, एमटी७ ने सुरू होणारं, आरटीएल८एक्सएक्सएक्सयू किंवा एटीएच९के_एचटीसी असं काही दिसलं तर ड्रायव्हर लागलाय, थेट फर्मवेअरच्या भागाकडे जा. तिथे रिकामं असेल किंवा 'नन' असेल, तर या कर्नलला तुमची चिप ओळखता येत नाही.

अशा वेळी बहुतेक लोक लगेच इंटरनेटवरच्या कुठल्यातरी रेपॉझिटरीतून (सोर्सच्या साठ्यातून) ड्रायव्हर उतरवायला धावतात. माझं मत उलटं आहे: आधी कर्नल नवा करून बघा. बाहेरचा ड्रायव्हर ही शेवटची वाट, कारण तो एकदा टाकला की त्याची निगा कायमची तुमच्या गळ्यात. कर्नल कुठला आहे ते असं कळतं:

`यूनेम -आर`

उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ हे ६.८ कर्नलसह आले. त्यावर आरटीएल८८१२एयू आपोआप लागत नाही, ६.१४ वर लागतो. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथून नवा कर्नल निवडून टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. उबुंटू २४.०४ वर:

`सुडो अॅप्ट इन्स्टॉल लिनक्स-जनरिक-एचडब्ल्यूई-२४.०४`

नवा कर्नल आवडला नाही, स्क्रीन किंवा साउंड बिघडला, तर जुना गेलेला नसतो. मशीन सुरू होताना ग्रबच्या (कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या मेनूच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये तो जागेवरच असतो.

बाहेरचा ड्रायव्हर, आणि तो निळा पडदा

कर्नल नवा करूनही काम झालं नाही, तर बाहेरचा ड्रायव्हर. आधी तयारी:

`सुडो अॅप्ट इन्स्टॉल डीकेएमएस बिल्ड-इसेन्शियल गिट लिनक्स-हेडर्स-जनरिक`

एचडब्ल्यूई, म्हणजे वरच्या कमांडने टाकलेला नवा, कर्नल वापरत असाल तर शेवटच्या नावापुढे -एचडब्ल्यूई-२४.०४ जोडा. हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) चालू कर्नलशी जुळले नाहीत तर पुढे सगळंच कोसळतं, आणि एरर मात्र भलत्याच गोष्टीची येते.

तुमची चिप आरटीएल८८१२एयू असेल तर उबुंटूच्या भांडारातच आरटीएल८८१२एयू-डीकेएमएस नावाचं पॅकेज आहे, तेच घ्या. नसेल तर गिटहबवर चिपच्या नावाने शोधा. इथे दोन गोष्टी तपासल्याशिवाय काही उतरवू नका: शेवटचा बदल कधी झालाय, आणि सूचनांमध्ये तुमचा कर्नल चालतो असं लिहिलंय का. पाच-सहा वर्षांपूर्वी शेवटचा हात लागलेला ड्रायव्हर आजच्या कर्नलवर कंपाइल होण्याची आशा नको. तिसरी गोष्ट, तो डीकेएमएस वापरतो का. नुसतं 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' करायला सांगणारा ड्रायव्हर आज चालेल, पण पुढचा कर्नल अपडेट आला की वायफाय गायब. डीकेएमएस मात्र नवा कर्नल आला की ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा बांधतं. बाकी पायऱ्या त्या त्या ड्रायव्हरच्या सूचनांत असतात, त्या ओळीने पाळा.

आता सिक्युअर बूट. मशीनवर ते चालू असेल तर कर्नल सही नसलेला ड्रायव्हर दारातच अडवतो. चालू आहे का ते असं बघा:

`मोकयूटिल --एसबी-स्टेट`

चालू असेल तर उबुंटू किंवा मिंटवर डीकेएमएसचा ड्रायव्हर बसवताना मधेच टर्मिनलभर एक खिडकी उघडते आणि एक पासवर्ड ठरवायला सांगते. हा तुमचा लॉगिन पासवर्ड नाही. एकदाच वापरायचा आहे, किमान आठ अक्षरांचा, सोपा ठेवा आणि कागदावर लिहा. काम झालं की रीस्टार्ट करा, आणि आता चहा ठेवायला उठू नका. लिनक्स सुरू व्हायच्या आधी एक निळा पडदा येतो, त्यावर कुठलंही बटण दाबायला सांगितलेलं असतं आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. ती चुकली तर मशीन नेहमीसारखं सुरू होतं आणि ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवायची राहून जाते. वेळेत बटण दाबलं की मेनू येतो: 'एनरोल मोक' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो कागदावरचा पासवर्ड. इथेही टाइप केलेलं दिसत नाही. शेवटी 'रीबूट'.

पडदा निसटला असेल तर उबुंटू-मिंटवर चावीची नोंदणी पुन्हा मागता येते:

`सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर`

या ओळीत शेवटचं फाइलचं नाव, 'मोक', मोठ्या लिपीत आहे, बाकी लहान. पुन्हा पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा, यावेळी पडद्यासमोरून हलू नका. सिक्युअर बूट बायोसमधून बंद करूनही काम भागतं आणि बरेच लोक तेच करतात. पण मशीनवर विंडोजही असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर ते बंद केल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फर्मवेअर आणि रेडिओ

ड्रायव्हर लागलाय पण वायफाय दिसत नाही, अशा वेळी कर्नलचे निरोप चाळा:

`सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर`

मधली उभी रेघ बॅकस्लॅशच्या बटणावर, शिफ्ट धरून. एखादी फर्मवेअर फाइल लोड झाली नाही आणि पुढे 'एरर -२' असेल, तर अर्थ सरळ आहे: ती फाइल मशीनवर नाही. उबुंटू-मिंटवर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अपडेट करा. डेबियन या लिनक्सवर चिपप्रमाणे पॅकेज वेगळी आहेत, रिअलटेकसाठी फर्मवेअर-रिअलटेक, अॅथेरॉससाठी फर्मवेअर-अॅथेरॉस. त्यासाठी सोर्सच्या यादीत, म्हणजे पॅकेज कुठून आणायची त्या यादीत, नॉन-फ्री-फर्मवेअर हा भाग चालू असावा लागतो. डेबियन १२ पासून तो इन्स्टॉलरच जोडून देतो, त्याआधीच्या डेबियनवर हा वेगळा भाग नव्हता, तिथे नॉन-फ्री हा भाग हाताने जोडा. डोंगल काढून परत लावा.

रेडिओचं काम छोटं आहे:

`आरएफकिल लिस्ट`

'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर `सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय`. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएनसोबतची की शोधा, कमांडने ते उघडत नाही.

नेटवर्कला जोडणं

`एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस`

इथे डब्ल्यूएलएएन० किंवा डब्ल्यूएलएक्स ने सुरू होणारं लांबलचक नाव दिसेल. डब्ल्यूएलएक्सच्या पुढची बारा अक्षरं म्हणजे डोंगलचा मॅक पत्ता, नेटवर्कवरची त्याची ओळख. एकूण पंधरा, आणि लिनक्समध्ये नेटवर्कच्या नावाला तेवढीच मुभा आहे. लॅपटॉपचं जुनं कार्ड अर्धमेलं असेल तर त्याचंही नाव इथे असतं, बहुधा डब्ल्यूएलपी ने सुरू होणारं. दोघांची ओढाताण नको म्हणून जुन्याला बायोसमध्येच बंद करा. तशी सोय नसेल तर `सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस सेट डब्ल्यूएलपी२एस० मॅनेज्ड नो`, नाव अर्थात तुमच्या मशीनवरचं. रीस्टार्टनंतर ही कमांड पुन्हा द्यावी लागते.

माउसने जोडता येत असेल तर माउसने जोडा. नाहीतर:

`एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट`
`एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट "नेटवर्कचं नाव"`

'आस्क' लिहिल्यामुळे पासवर्ड नंतर विचारला जातो. थेट ओळीत लिहिलात तर तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो.

नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जातो, ही तक्रार फार येते. यात पासवर्डचा दोष क्वचित असतो. नेटवर्क मॅनेजर, म्हणजे लिनक्समधला जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, नेटवर्क शोधताना खोटा मॅक पत्ता वापरतो आणि काही ड्रायव्हरना ते झेपत नाही. ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ ने संपणारी एक नवी फाइल करा. त्यात पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'डिव्हाइस' आणि दुसऱ्या ओळीत:

`वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस=नो`

मग `सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर`, यात आणि वरच्या फोल्डरच्या नावातही नेटवर्कमॅनेजरचे एन आणि एम मोठे. एवढ्याने झालं नाही तर राउटरवर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) सक्तीचं आहे का बघा. जुन्या चिपसाठी ते डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र करा.

५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क ड्युअल बँड डोंगललाही दिसत नसेल तर `आयडब्ल्यू रेग गेट` चालवा. 'कंट्री ००' म्हणजे यंत्राला आपण कुठल्या देशात आहोत हे माहीत नाही, आणि तोवर ते बऱ्याच चॅनेलवर नुसतं ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही. `सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन` दिल्यावर भारताचे नियम लागू होतात, 'आयएन' मोठ्या लिपीत. भारताने ५ गिगाहर्ट्‌झमधले ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त केले, त्यामुळे इथे चॅनेलची टंचाई नाही.

चालतो, पण रडतखडत

दर दहा मिनिटांनी तुटत असेल तर पहिला संशयित वीजबचत. उबुंटू-मिंटवर ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ ही फाइल असते. आतल्या ओळीत ३ चा २ करा आणि नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद.

दुसरा संशयित फारसा कुणाच्या लक्षात येत नाही: शेजारचा यूएसबी ३ पोर्ट. यूएसबी ३ ची यंत्रं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. बाह्य हार्ड डिस्क लावली की वायफाय मरगळतं, ते यामुळे. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल मशीनपासून लांब, टेबलाच्या वर आणा. या स्वस्त केबलने होणारी सुधारणा नवा डोंगल घेऊनही होत नाही.

बाकी घरावर आहे. पेठेतल्या वाड्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्‌झ पलीकडे पोचत नाही, तिथे २.४ च बरं. कोथरूड-वाकडकडच्या मोठ्या सोसायटीत उलटं: २.४ वर सगळ्या मजल्यांचे राउटर एकमेकांवर आदळत असतात, तिथे ५ घ्या, आणि २.४ वरच राहायचं असेल तर राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा असेल तो ठेवा.

तरीही अडलात तर

पुण्यात प्लग, म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप, बऱ्याच वर्षांपासून आहे, शिवाय ऑफिसात किंवा सोसायटीत एखादा तरी लिनक्सवाला निघतोच. त्याला 'वायफाय चालत नाही' म्हणून फोन करू नका. एलएसयूएसबीमधला आयडी, यूनेमने दिलेला कर्नल, एलएसयूएसबी -टी मध्ये ड्रायव्हरसमोर काय आहे, आणि डोंगल लावल्यावर डीएमईएसजीत आलेल्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी, एवढं पाठवा. फोटो नको, मजकूर पाठवा. फोटोतल्या ओळी कॉपी करून शोधता येत नाहीत.

बाहेरचा ड्रायव्हर टाकला असेल तर कर्नल अपडेट झाल्यावर रीस्टार्ट करायच्या आधी `डीकेएमएस स्टेटस` बघायची सवय लावा. नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' असेल तर बिनधास्त रीस्टार्ट करा. तो आकडा यादीत नसेल, तर जुन्या कर्नलवरच राहा, वायफाय अजून चालू आहे तोवर ड्रायव्हरची नवी आवृत्ती उतरवून बसवा, आणि मगच मशीन रीस्टार्ट करा.